सव्वीस तारखेचं रीडिंग

इंजिनिअरिंगला आल्यावर माणूस सगळ्यात आधी कोणती विद्या शिकतो, असं कुणी मला विचारलं तर माझं प्रामाणिक उत्तर एकच असेल. रीडिंग 'बनवण्याची'! कोड लिहिणं, मशीन चालवणं, ड्रॉइंग काढणं हे सगळं नंतर येतं, काहींना तर येतही नाही. पण रीडिंग बनवता येत नाही असा प्राणी निदान आमच्या हॉस्टेलमध्ये तरी मी पाहिलेला नाही.

हीट ट्रान्सफरचंच उदाहरण घ्या. धातूच्या दांड्याला एका टोकाला उष्णता द्यायची, दर दहा मिनिटांनी तापमानं लिहायची आणि ती स्थिर झाली की मग शेवटचं रीडिंग घ्यायचं, असा तो प्रयोग. आता स्टेडी स्टेट येईपर्यंत कोण थांबतो? पहिलं रीडिंग खरं घ्यायचं, उत्तर किती यायला हवं ते पुस्तकात बघायचं आणि तिथून उलटं चालत यायचं. मधले आकडे आपोआप भरतात. शिवाय काही जर्नल्स आमच्याकडे वडिलोपार्जित जमिनीसारखी पिढ्यान् पिढ्या चालत आलेली आहेतच. यात काही चुकतं आहे असं मला नोव्हेंबर २०२४ पर्यंत कधी वाटलं नव्हतं. ही गोष्ट त्याच नोव्हेंबरमधली.

दिवाळीची सुट्टी संपून हॉस्टेल पुन्हा भरलं होतं. मेसच्या मागे पाण्याच्या टाकीखाली 'काळी' व्यायली होती. काळी ही हॉस्टेलची जुनी रहिवासी, आमच्याहून सीनियर! १८ तारखेला पहाटे गेटसमोरच्या रस्त्यावर कुठल्याशा गाडीने तिला उडवलं. वॉचमन मामांनी तिला पलीकडच्या मोकळ्या जागेत पुरलं आणि मग त्यांना आठवलं, की टाकीखाली तिची पिल्लं आहेत. बुटांच्या खोक्यात चार पिल्लं घेऊन मामा आमच्या दारात उभे राहिले.

"आमच्याकडेच का, मामा?"

"रात्री तीनला तुमच्याच खोलीत लाईट असतो ना! तुम्ही जागेच असता."

आम्ही कशासाठी जागे असतो हे मामांना माहीत नव्हतं, ते एका अर्थी बरंच.

आम्ही म्हणजे तिघं. कोल्हापूरचा पैलवान, नागपूरचा सर्किट (ई अँड टीसीला आहे म्हणून) आणि परभणी जिल्ह्यातला मी. खोक्यात डोकावलं तर चार उंदरांएवढे जीव. डोळे मिटलेले, कान डोक्याला चिकटलेले, दोघांच्या पोटाला वाळलेली नाळ तशीच. अंग गार पडलेलं आणि आवाज मात्र खोलीभर. आम्ही घाईघाईत मेसमधून गाईचं दूध आणलं, त्यात पाणी घातलं आणि ड्रॉपरने पाजलं. आपण फार मोठं काम केलं, अशा थाटात मी दुपारी घरी फोन लावला.

माझी आई अंगणवाडी सेविका आहे. मला वाटलं ती म्हणेल, "परीक्षा तोंडावर आलीय अन् हे काय करायलास?" पण तिने वेगळंच विचारलं.

"वजन केलंस का?"

"वजन कशाला? दूध पितायत ना."

"पितंय हे तुला दिसतं रे. अंगी लागतंय का, ते कसं दिसणार? काट्याशिवाय कळत नाही बाळा. आज कर, उद्या त्याच टायमाला कर. एका वजनावर काही समजत नसतं. दोन वजनं झाली की मग ते लेकरू आपल्याशी बोलतं."

लहानपणी मी आईसोबत अंगणवाडीत बसायचो. आढ्याला टांगलेला तो गोल तबकडीचा स्प्रिंगचा काटा, त्याला अडकवलेली झोळी, झोळीत लोंबकळत रडणारं पोर आणि आईच्या हातातला वाढीचा तक्ता हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं. १९७५ साली ही अंगणवाड्यांची योजना सुरू झाली. आता आईच्या हातात मोबाइल असतो आणि वजनं पोषण ट्रॅकरवर भरावी लागतात. पण तत्त्व तेच. पोर आज किती किलोचं आहे यापेक्षा त्याची रेघ कुठे चालली आहे, ते बघायचं. आपल्या भाषेत सांगायचं तर व्हॅल्यू नव्हे, स्लोप!

काट्याचा शोध सुरू झाला. मेसचा बटाटे मोजायचा काटा दहा-दहा ग्रॅमने सरकतो. त्यावर एक पिल्लू 'शून्य पूर्णांक चोवीस' दिसलं. दिवसाला पंधरा-वीस ग्रॅमने वाढणाऱ्या जिवाला दहा ग्रॅमचा लीस्ट काउंट काय कामाचा? शेवटी सिव्हिलच्या काँक्रीट लॅबमधले काका धावून आले. सिमेंटच्या प्रॅक्टिकलला ज्यावर ४०० ग्रॅम सिमेंट मोजतात, तो एक ग्रॅमचा काटा त्यांनी टेबलावर ठेवला आणि एकच अट घातली. "काट्यावर मुतलं तर पुसायचं तुम्ही!"

वाडग्यात फडकं टाकून काटा शून्यावर आणला आणि एकेकाला ठेवलं. ३४२, ३१८, २९० आणि २३६ ग्रॅम. पैलवानाची आजी अजून जुन्या मापांत बोलते, त्यामुळे बारसं त्याने तिथेच उरकलं. शेर, अच्छेर, पावशेर आणि छटाक. हिशेबाने बघितलं तर पावशेर म्हणजे साधारण २३३ ग्रॅम, म्हणजे आमचा छटाकच बरोबर पावशेर भरत होता. पण पैलवानाशी वाद कोण घालणार?

या नावांनी पुढे एकदा घात केला. रात्री बाराला सर्किट कॉरिडॉरमधून ओरडला, "अबे, पावशेर कोण पाजणार आहे?" आणि नेमके रेक्टर सर राउंडवर! सर तडक आत आले, पलंगाखाली वाकले आणि खोकं बघून दोन मिनिटं काही बोललेच नाहीत. हॉस्टेलमध्ये प्राणी पाळायला मनाई आहे, हे त्यांनी सांगितलं. मग भिंतीवर लावलेला तक्ता वाचला आणि म्हणाले, "सेमिस्टर संपेपर्यंत. आणि अभ्यासाचा असा तक्ता कुठे लावलाय, तोही दाखवा!"

पण हे पुढचं. दुसऱ्या दिवशी, म्हणजे १९ तारखेला त्याच वेळी वजनं केली आणि आमचा उत्साह मावळला. ३३८, ३०९, २८६, २२९. चौघंही उतरली होती. वर जुलाब. डोळ्यांना मात्र पिल्लं आदल्या दिवशीसारखीच दिसत होती. आईचं म्हणणं चोवीस तासांत पटलं.

२० तारखेला विधानसभेच्या मतदानाची सुट्टी असल्याने आम्ही १९ लाच संध्याकाळी खोकं घेऊन जनावरांचा दवाखाना गाठला. डॉक्टर मॅडमनी आधी आम्हाला झापलं आणि मग शांतपणे एकेक गोष्ट समजावली. कुत्रीचं दूध गाईच्या दुधापेक्षा कितीतरी घट्ट असतं. त्यात प्रथिनं दुपटीहून जास्त, स्निग्धांशही दुपटीच्या आसपास, दुधातली साखर मात्र कमी. आम्ही गाईचं दूध आणि तेही पाणी घालून दिलं होतं! पोट भरत होतं, पोषण होत नव्हतं आणि जास्तीच्या साखरेने जुलाब लागले होते. त्यांनी पिल्लांसाठी मिळणारी दुधाची पावडर लिहून दिली. दर तीन तासांनी पाजायचं, दिवसा आणि रात्रीही. पाजताना पिल्लू पोटावर ठेवायचं, माणसाच्या बाळासारखं उताणं नाही. नाहीतर दूध फुप्फुसात जातं. गार पडलेल्या पिल्लाला आधी ऊब द्यायची, मग दूध. या वयात त्यांना स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही. आणि पाजून झालं की कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने खालची जागा हलके पुसायची, कारण आईने चाटल्याशिवाय त्यांना शी-शू होत नाही.

हे शेवटचं ऐकून पैलवान म्हणाला, "लगा, हे सिलॅबसमध्ये नव्हतं!"

"आणि रोज एकाच वेळी, पाजण्याआधी वजन," मॅडम म्हणाल्या. "जन्माच्या वजनाच्या पाच ते दहा टक्के रोज वाढलं पाहिजे. दीड-दोन आठवड्यांत वजन दुप्पट होतं. दूध किती द्यायचं ते वजनावर ठरतं, जंताच्या औषधाचा डोससुद्धा वजनावरच. एक दिवस वजन अडलं किंवा उतरलं, तर वाट बघायची नाही. त्याच दिवशी घेऊन यायचं. पिल्लू रडायला लागेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो."

मग आमच्या रूमचं प्रसूतिगृह झालं. वर्गणी काढून एक ग्रॅमचा किचन काटा आणला. सर्किटने आर्डुइनो आणि एलएम-३५ सेन्सर लावून खोक्यातल्या बल्बसाठी थर्मोस्टॅट बनवला. तीस अंशांच्या वर-खाली बल्ब आपोआप बंद-चालू व्हायचा. त्याच्या मिनी प्रोजेक्टचाही प्रश्न मिटला. माझ्याकडे तक्ता आणि ग्राफ. आडव्या अक्षावर तारीख, उभ्यावर ग्रॅम आणि चौघांना चार रंगांची पेनं. वळवळणाऱ्या पिल्लाचं वजन स्थिर राहत नाही, म्हणून प्रत्येकाची तीन रीडिंग घेऊन सरासरी. वेळ संध्याकाळी पाचची.

२० तारखेपासून रेघा वर वळल्या. २१, २२, २३, २४. शेर ४२९ वर गेला. अच्छेरची वाढ तर इतकी सरळ होती, की पट्टी लावून घ्यावी. ३१५, ३३३, ३५२, ३७०, ३८८. रोजचे अठरा ग्रॅम! सगळ्यांचा जीव होता तो छटाकमध्ये. शेजारच्या रूममधली पोरं, मेसच्या मावशी, मामा, सगळ्यांचा एकच प्रश्न, "छटाक किती झाला?" अच्छेर किती झाला असं कुणीच विचारायचं नाही. तो ना सगळ्यात मोठा, ना सगळ्यात लहान. वर्गात मधल्या बाकावर बसणाऱ्या पोरासारखा होता तो. त्याची काळजी करावी असं त्याने कधी काही केलंच नाही.

२५ तारखेला अच्छेर ३९३ भरला. म्हणजे फक्त पाच ग्रॅम वाढ. पैलवानाने विचारलं, "ह्यो कमी का वाढला?" मी म्हणालो, "एक्सपेरिमेंटल एरर असेल. मोजायच्या आधी शू केली असेल." आपल्याकडे या दोन शब्दांत काय काय बसतं! पॉइंट लावला आणि विषय संपवला.

दुसऱ्या दिवशी २६ तारीख. २७ ला सकाळी हीट ट्रान्सफरचं सबमिशन आणि माझी चार प्रॅक्टिकल्स लिहायची राहिलेली. संध्याकाळी पाचची ड्यूटी माझी होती. पैलवान आणि सर्किट दोघंही सह्या घ्यायला कॉलेजात. मी काटा काढला, छटाकला ठेवलं, ३२२. छान. सगळे विचारणार ते याचंच, ते झालं. घड्याळात बघितलं, झेरॉक्सच्या दुकानात रांग लागली असणार. बाकीची तिघं बल्बखाली एकमेकांवर डोकं टाकून झोपली होती. उठवायचं कशाला?

मी पेन उचललं. शेर ४५२ अधिक २३, ४७५. पावशेर ३८० अधिक १९, ३९९. अच्छेर ३९३ अधिक १८, ४११. शंका नको म्हणून आकडे फार गोल येऊ दिले नाहीत. तीन पॉइंट लावले, रेघा जोडल्या. या सगळ्याला अर्धा मिनिट लागला. तिघांना खरंच मोजायला पाच मिनिटं लागली असती.

रात्री तीनला सर्किटची पाळी होती. मी जर्नलमध्ये डोकं घालून बसलो होतो. तो म्हणाला, "अच्छेर आज कमी प्यायला बे. तोंडातून दूध बाहेर येऊन राहिलं." मग तो भिंतीजवळ गेला, ग्राफ बघितला आणि म्हणाला, "वजन तर बराबर आहे. झोप आली असंल त्याले." आणि झोपायला गेला. ग्राफ बघून निश्चिंत होऊन झोपला. मी ते ऐकलं. मान वर करून बघितलंसुद्धा नाही असं म्हणणार नाही. बघितलं आणि पुन्हा लिहायला लागलो.

सकाळी सहाला अच्छेरने बोंडलंच धरलं नाही. हातात घेतला तर गार आणि ढिला. श्वास घेताना पोट आत-बाहेर होत होतं. काट्यावर ठेवला, ३७१. सबमिशनची फाईल टेबलावर तशीच ठेवून आम्ही तिघंही निघालो. जाताना पैलवानाने भिंतीवरचा ग्राफ टाचण्यांसकट काढून सोबत घेतला. मॅडमना दाखवायला.

मॅडमनी अच्छेरला गरम पाण्याच्या पिशवीवर ठेवलं, इंजेक्शन दिलं, छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. मग ग्राफ हातात घेतला.

"काल पाचला ४११ होता? आणि आज ३७१? रात्रीत चाळीस ग्रॅम?" त्यांच्या कपाळावर आठ्या आल्या. "रात्री काय झालं? काही वेगळं पाजलं? पावडर बदलली? खोक्यात काही फवारलं का? एका रात्रीत असं होतं म्हणजे..."

सर्किट आणि पैलवान एकमेकांकडे बघायला लागले. सर्किटचा चेहरा तर उतरलाच. रात्रीची पाळी त्याची होती. तो म्हणाला, "मॅडम, मी तर नेहमीसारखंच पाजलं..." त्याचा आवाज फुटत होता.

ओरलला एक्स्टर्नलसमोर मी पुष्कळदा गप्प उभा राहिलो आहे, पण असा नाही.

"मॅडम, ते रीडिंग खरं नाही," मी म्हणालो. "काल मी याला मोजलंच नाही. अंदाजाने लिहिलं. परवा पाच ग्रॅमच वाढला होता."

खोलीत कुणी काही बोललं नाही. पैलवानाने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मॅडमनी खिशातलं पेन काढलं, ४११ वर आडवी रेघ मारली आणि म्हणाल्या, "म्हणजे हे परवापासून चाललंय." मग त्यांनी औषध बदललं. छातीत दूध किंवा संसर्ग उतरला असावा असं त्यांचं मत पडलं.

दुपारी चारच्या सुमारास अच्छेर गेला. डोळे उघडायची वेळ जवळ आली होती त्याची. पिल्लांचे डोळे दहाव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान उघडतात. त्याने काहीच बघितलं नाही.

मी मॅडमना विचारलं, "काल आणला असता तर वाचला असता का?"

त्या थोडा वेळ थांबल्या. "ते सांगता येत नाही. इतक्या लहान जिवाचं काही सांगता येत नाही. पण काल कळलं असतं."

हे वाक्य मी बरोबर घेऊन आलो. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

रात्री आईला फोन केला. सगळं सांगितलं, अंदाजे लिहिल्याचंही. ती बराच वेळ ऐकत होती. मी म्हणालो, "आई, तुझ्याकडे महिन्याला इतक्या लेकरांची वजनं असतात. एखादं आलं नाही, तर तू काय करतेस?"

"त्याच्या घरी जाते काटा घेऊन."

"आणि वेळच नसला तर?"

"तर रकाना रिकामा ठेवते. वरून बोलणी खाते. अंदाज लिहिला तर कागद भरतो रे, लेकरू भरत नाही."

एवढंच बोलली. मला वाटलं होतं ती समजूत काढेल. तिने काढली नाही. पण फोन ठेवताना म्हणाली, "बाकीच्या तिघांना आज मोजलंस का?"

मोजलं नव्हतं. रात्रीचे दहा वाजले होते. तिघांनी मिळून काटा काढला. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. शेर, पावशेर, छटाक. वेळ चुकली म्हणून तक्त्यात 'रात्री १०' असं लिहिलं. २६ तारखेचे शेर आणि पावशेरचे आकडेही मी खोडले. ते खरे निघाले असते कदाचित. पण ते मोजलेले नव्हते.

पैलवान माझ्याशी तीन दिवस बोलला नाही. चौथ्या दिवशी पहाटे शेरचे डोळे उघडले, तेव्हा त्याने मला लाथ घालून उठवलं आणि म्हणाला, "ऊठ, बघ." तिथे आमची दिलजमाई झाली.

यापुढची गोष्ट वाढीची आहे, आणि तीही शिकण्यासारखी आहे म्हणून सांगतो. दोन आठवड्यांनी जंताचं पहिलं औषध. हे जंत आईच्या पोटातूनच आणि दुधातूनही पिल्लांना येतात, त्यामुळे ते दर दोन आठवड्यांनी द्यायचं असतं. चौथ्या आठवड्यापासून दुधात कालवलेलं मऊ खाणं. १७ डिसेंबरला छटाक ९३५ ग्रॅम भरला, म्हणजे खऱ्या अर्थाने शेरभर झाला! त्या रात्री मेसच्या मावशींनी आम्हाला एकेक वाटी खीर जास्त दिली.

पेपरच्या गडबडीत मात्र जंताचा एक डोस चुकला. आणि गंमत बघा, पावशेरचं पोट नगाऱ्यासारखं झालं, तर येणारा-जाणारा म्हणायला लागला, "वा! काय तब्येत धरलीय!" आम्हीही खूश. मॅडमनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. वरती कणा टोचत होता, खाली पोट फुगलेलं. "ही तब्येत नाही, हे जंत आहेत," त्या म्हणाल्या. मग त्यांनी आमचे हात धरून शिकवलं. बरगड्यांवर बोटं फिरवायची. हलक्या हाताला बरगड्या लागल्या पाहिजेत, पण डोळ्यांना टोचून दिसायला नकोत. बरगड्या सापडतच नसतील तर पिल्लू गरजेपेक्षा जाड झालं आहे, आणि तेही वाईट. हाडं तयार होत असताना वजन घाईने वाढवायचं नसतं. म्हणजे काट्याबरोबर हातही हवा. दोन्ही साक्षीदार एकच सांगत असतील तरच निकाल द्यायचा.

जानेवारीपासून वजन आठवड्यातून एकदा. किचन काटा पाच किलोला संपला, तेव्हा पैलवानाने जिममधल्या वजनकाट्यावर पिल्लू घेऊन उभं राहायचं आणि त्यातून पैलवानाचं वजन वजा करायचं, अशी पद्धत सुरू केली. शंभर ग्रॅमचा लीस्ट काउंट आता चालत होता, कारण वाढ शेकड्यांत होती. (पैलवानाचं वजनही आठवड्याला वाढत होतं, पण ते तक्त्यात लिहायला त्याने सक्त मनाई केली.) सर्किटने शोधून काढलं, की २०१७ मध्ये वॉल्थम संस्थेच्या संशोधकांनी कुत्र्यांसाठीही वाढीचे तक्ते प्रसिद्ध केले आहेत, तीन महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंतचे. अगदी आईच्या तक्त्यासारखेच. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये बालकांच्या वाढीचे निकष प्रसिद्ध केले, त्यांच्यावर आईचा तक्ता आधारलेला आहे. ते मी आईला सांगितलं तर ती म्हणाली, "कुत्र्याचं लेकरू काय अन् माणसाचं काय, रेघ सारखीच!"

सहा-सात आठवड्यांना पहिली लस झाली, पुढे तिचे डोस आणि तीन महिन्यांना रेबीजची लस. सेमिस्टर संपलं तसं रेक्टर सरांना दिलेला शब्द पाळला. शेर वॉचमन मामांच्या घरी गेला, पावशेर मेसच्या मावशींकडे. छटाकला मी गावी घेऊन गेलो. आता तो आमच्या अंगणात कोंबड्यांना पळवतो. आई दर रविवारी फोनवर त्याचं वजन सांगते. सांगताना आवाज असा, की शाळेत पहिला आलेल्या पोराचे मार्क सांगतेय!

या सेमिस्टरलाही प्रॅक्टिकल्स झाली. एका प्रयोगाला रीडिंग स्थिर होईपर्यंत मी पाऊण तास उभा राहिलो. बॅचमेट वैतागले, "अरे, उत्तर माहीत आहे ना?" उत्तर माहीत होतं. माझं उत्तर पुस्तकातल्या उत्तरापेक्षा थोडं वेगळं आलं आणि सरांनी विचारलं, "असं का आलं?" मला नीट सांगता आलं नाही. दोन मार्क गेले असतील. मी फार मोठा साधू झालो आहे असा गैरसमज कुणी करून घेऊ नये. या लेखाचीही मुदत मी दोनदा चुकवली आहे. पण मोजलं नाही ते लिहायचं नाही, एवढं एक आता हाताला जड जातं.

तो ग्राफ आजही आमच्या रूमच्या भिंतीवर आहे. तीन रेघा वर चढत जातात. एक रेघ २५ तारखेला थांबते. पुढे २७ तारखेवर एकटाच एक ठिपका आहे, ३७१ चा. त्या दोन ठिपक्यांच्या मधली जागा मी रिकामी ठेवली आहे. नव्या आलेल्या ज्युनियर्सना वाटतं, जोडायची राहून गेली असेल. कुणी विचारलं की सांगतो.

— टी. ई. (मेकॅनिकल)